दोघंही नोकरी करतो. पालक-सहभागाच्या सरकारी शाळेच्या लॉटरीत नाव घालावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी येत्या ऑगस्टमध्ये किंडरगार्टनला जाईल, तुम्ही कॅलिफोर्नियात बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहता. पत्त्याप्रमाणे मिळणाऱ्या शाळेचं रेटिंग उत्तम आहे. पण त्याच डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेत) एक पर्यायी प्राथमिक शाळा आहे, जिथे प्रवेश लॉटरीने, चिठ्ठ्या काढून मिळतो. तिथे आईवडिलांनी दर आठवड्याला वर्गात येऊन काम करायचं असतं, दोन इयत्तांची मुलं एका वर्गात बसतात, गृहपाठ नावापुरता असतो आणि शिक्षिकेला मुलं थेट नावाने हाक मारतात. शेजारीण या शाळेवर फिदा आहे, ऑफिसातले मित्र म्हणतात तिथे गणित कच्चं राहतं. तुम्ही दोघंही पूर्णवेळ नोकरी करता आणि अर्जाची मुदत जवळ आली आहे.

कॅलिफोर्नियात अशाच एका सरकारी प्रकल्पात मी बरीच वर्षं खालच्या इयत्ता शिकवल्या. आपल्याकडची अनेक कुटुंबं त्या वर्गातून गेली. काही रमली, काही वर्षभरात निघून गेली. तुम्ही विचारताय ‘शाळा चांगली आहे का’. पण गेलेली कुटुंबं शाळा वाईट होती म्हणून गेली नाहीत. त्यांच्या आठवड्यात त्या शाळेला जागा नव्हती, आणि हे त्यांना ऑक्टोबरमध्ये कळलं. म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा फिरवून घेते: ही शाळा तुमच्याकडून नेमकं काय मागते, आणि ते दिल्यावर मुलीला काय मिळतं? डिस्ट्रिक्टचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे तास, तारखा, नियम यांत थोडाफार फरक असेल. आतलं काम मात्र सगळीकडे बरंच सारखं चालतं.

आधी एक-दोन गैरसमज बाजूला करते. ही शाळा वाया गेलेल्या किंवा मागे पडलेल्या मुलांसाठी नाही. तशा पर्यायी शाळा हायस्कूलच्या वयासाठी असतात, त्यांचा इथे संबंध नाही. ही खासगीही नाही. डिस्ट्रिक्टचीच शाळा, डिस्ट्रिक्टच्याच पगारावरचे परवानाधारक शिक्षक, राज्याचाच अभ्यासक्रम, फी शून्य. फरक फक्त शिकवण्याच्या पद्धतीत आणि पालकांच्या भूमिकेत. १९६० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडातल्या मोकळ्या वर्गांची (जिथे मुलं रांगेत बसून ऐकण्याऐवजी छोट्या गटांत हाताने करून शिकतात) हवा अमेरिकेत आली, तेव्हा अनेक शहरांत पालकांनीच डिस्ट्रिक्टकडे हट्ट धरून असे कार्यक्रम सुरू करून घेतले. मिनिआपोलिसने १९७१ मध्ये शहराच्या एका भागात पालकांना वेगवेगळ्या पद्धतींच्या सरकारी शाळांतून निवड करायला दिली, न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये १९७४ साली डेबोरा मायर यांनी सेंट्रल पार्क ईस्ट ही सरकारी शाळा काढली. आज तुम्ही बघताय ती शाळा याच लाटेची नात म्हणा.

‘पर्यायी’ म्हणजे मोकळीच, असंही नाही. पालो आल्टोत ओलोनी ही मोकळ्या पद्धतीची शाळा आणि हूवर ही शिस्तबद्ध, थेट शिकवणाऱ्या पद्धतीची शाळा, दोन्ही निवडीच्या शाळा म्हणूनच वाढल्या. कूपरटिनोत मॅकऑलिफ पालक-सहभागाची आणि फरिया शिस्तीची. माउंटन व्ह्यूत स्टीव्हन्सनचा ‘पॅक्ट’ कार्यक्रम आहे, म्हणजे पालक, मूल आणि शिक्षक यांची मोट. ऑफिसातले मित्र ज्या शाळेबद्दल बोलताहेत ती यांपैकी कुठल्या जातीची, हे आधी विचारा. बऱ्याचदा लोक एका शाळेची तक्रार दुसरीच्या नावावर खपवतात.

आता मुख्य भाग. पालक तिथे करतात काय?

किंडरगार्टनचा एक साधा दिवस सांगते. वर्गात वीस-बावीस मुलं. (तिसरीपर्यंतच्या वर्गांची सरासरी २४ पर्यंत राहावी म्हणून राज्य डिस्ट्रिक्टला जादा पैसे देतं, त्यामुळे खालचे वर्ग फार फुगत नाहीत.) सकाळी सगळी गोल बसून बोलतात, मग चार गट पडतात. एका गटाबरोबर मी वाचन घेते. दुसऱ्या टेबलावर एक आई किंवा बाबा ठोकळ्यांवर दहापर्यंतच्या जोड्या शोधायला लावतात. तिसऱ्यावर दुसरा पालक मुलांनी काढलेल्या चित्रांखाली त्यांनी सांगितलेली गोष्ट लिहून घेतो. चौथा गट स्वतःचा स्वतः. पंधरा-वीस मिनिटांनी गट सरकतात. याचा अर्थ असा की दर सकाळी प्रत्येक मुलाला माझ्यासमोर पाच-सहा जणांत बसायला मिळतं. एकट्या शिक्षिकेच्या वर्गात हे रोज जमवणं फार कठीण. शाळेची सगळी किमया या एका हिशेबात आहे. पालक आले नाहीत तर चारचे दोन गट होतात आणि मी पुन्हा बाकीच्या शाळांसारखीच शिक्षिका होते.

म्हणून वर्गातली पाळी ही मेहेरबानी नसते, वेळापत्रकाचा भाग असते. साधारणपणे एका मुलामागे आठवड्याला दोन-तीन तास धरा, दुसरं मूल आलं की काही ठिकाणी ते वाढतात. त्याखेरीज महिन्यातून एक संध्याकाळची सभा असते. तिथे शिक्षिका पुढच्या महिन्यात काय घेणार आणि टेबलावर मुलांशी कसं बोलायचं ते सांगते. मग प्रत्येक कुटुंबाकडे एक ‘जॉब’ असतो: बाग, वाचनालय, सहलीच्या गाड्यांची जुळवाजुळव, हिशेब, फोटो, साहित्य कापून ठेवणं. सहलींना मुलांना पालकांच्याच गाड्यांतून नेतात, त्यासाठी लायसन्स आणि विम्याचे कागद द्यावे लागतात. हे सगळं कागदावर लहान दिसतं, कॅलेंडरवर मोठं होतं.

टेबलावर बसल्यावर आपल्या लोकांची एक सवय हमखास दिसते. मूल अडलं की आपण उत्तर सांगतो. कात्री वाकडी चालली की आपण कापून देतो. अक्षर उलटं आलं की त्यावरून पेन्सिल फिरवतो. प्रेमानेच करतो, पण तिथे तेच नको असतं. पहिल्या सभेत मी पालकांना एवढंच सांगायची की ‘हे कसं काढलंस?’ असं विचारा आणि मग गप्प बसा. ते गप्प बसणं शिकायला इंजिनिअर मंडळींना सर्वांत जास्त वेळ लागतो! आणि किंडरगार्टनचं मूल शब्द जसा ऐकू येतो तसा लिहितं, मधले स्वर गाळतं. त्या वयात ते स्पेलिंग चुकणं नसून ऐकलेला आवाज अक्षरात पकडायचा सराव असतो. सुधारायची वेळ येते, ती शिक्षिका ठरवते.

दुसरी गोष्ट, जिची पूर्वकल्पना कोणी देत नाही. तुम्ही वर्गात असताना तुमची मुलगी तुम्ही नसतानासारखी वागणार नाही. पहिले काही आठवडे ती मांडीला चिकटेल किंवा नको तेवढी मिरवेल. दुसऱ्या मुलाशी तुम्ही हसून बोललात की तिचा चेहरा पडेल. पालक यावरून घाबरतात की मूल शाळेत असंच वागत असेल. नसतं. दिवाळीच्या सुमारास हे बहुतेक निवळतं आणि मग तुम्ही वर्गातल्या सगळ्यांचेच कोणीतरी होता. मला विचाराल तर या शाळेची खरी मिळकत इथे आहे. बावीस मुलं जवळून पाहिलेल्या आईबाबांना आपलं मूल कुठे पुढे, कुठे मागे आहे, हे नुसतं कळतच नाही, त्याची भीतीही कमी होते. पाच वर्षांचं कुठलंही मूल काही बाबतीत तीन वर्षांचं आणि काही बाबतीत सात वर्षांचं असतं, हे सांगून पटत नाही. बघून पटतं.

आता तुमची अडचण, दोघांची नोकरी.

एक माहिती बऱ्याच जणांना नसते. कॅलिफोर्नियात एकाच ठिकाणी २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने पालकाला मुलाच्या शाळेतल्या कामासाठी वर्षाला ४० तासांपर्यंत सुट्टी द्यावी असा कायदा आहे, महिन्याला जास्तीत जास्त ८ तास. आजी-आजोबा आणि कायदेशीर पालकांनाही तो लागू होतो. ही सुट्टी तुमच्या रजेतून वजा होऊ शकते आणि आधी कळवावं लागतं, पण शाळेत जायचं म्हणून कोणी तुम्हाला कामावरून काढू शकत नाही. ४० तासांत वर्षभराच्या पाळ्या भरत नाहीत. दोघांचे मिळून ८० तास मात्र जवळपास पुरतात, कारण शाळेचे आठवडे ३६ च्या आसपास. बाकी भर सभा आणि घरी बसून करायच्या कामांतून पडते.

माझ्या पाहण्यात नोकरदार जोडप्यांनी ते तीन तऱ्हांनी निभावलं. काहींनी एक सकाळ पक्की धरली, ती मॅनेजरच्या कॅलेंडरवर कायमची टाकली आणि ऑफिसला उशिरा जाऊ लागले. हे सर्वांत टिकतं. काहींनी आलटूनपालटून केलं, एक आठवडा आई, एक आठवडा बाबा. हे चालतं, पण मुलाला आज कोण येणार ते आदल्या रात्री सांगावं लागतं, नाहीतर सकाळी रडारड. काहींनी वर्गाऐवजी रात्रीची आणि शनिवार-रविवारची कामं मागून घेतली. शाळा नाही म्हणत नाही, पण मग तुम्ही त्या टेबलावर कधीच बसत नाही आणि वर सांगितलेली मिळकत हातून जाते. अशा घराला मी स्पष्ट सांगते की पत्त्याची शाळा घ्या. तिथेही महिन्यातून एकदा वर्गात जाता येतं.

आजी-आजोबा काही महिने येऊन राहणार असतील तर शिक्षिकेला विचारा. इंग्रजी मोडकंतोडकं असलेले एक आजोबा आमच्याकडे सुतारकामाच्या टेबलावर बसायचे. हातोडी कशी धरायची, खिळा सरळ कसा जातो, हे ते शब्दांशिवाय शिकवत. त्या टेबलासाठी मुलांची रांग लागे. एच-४ व्हिसावर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या) असलेल्या आईला वर्गात मदत करता येते का, हेही नेहमी विचारतात. आपल्या मुलाच्या सरकारी शाळेत बिनपगारी मदत करणं म्हणजे नोकरी नव्हे, आणि अशा आयांवर कित्येक वर्ग उभे आहेत.

इथे एक कडवट गोष्टही सांगून टाकते. फॉर्मवर ‘पालक’ लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात पाळ्यांवर बहुतेक आयाच दिसतात. अर्ज करण्याआधी घरात बसून कोण किती सकाळी जाणार हे कागदावर लिहा. ‘बघू, जमवू’ असं उत्तर आलं तर ते तास कोणाच्या अंगावर पडणार हे आत्ताच समजा. आणि शाळेची लॉटरी निःपक्षपाती असली तरी ज्याला तासावर मजुरी मिळते, ज्याच्याकडे गाडी नाही, तो त्या लॉटरीत चिठ्ठीच टाकत नाही. म्हणून या शाळांतले पालक एकसारखे दिसतात. शाळा आम्हा शिक्षकांना प्रिय आहे म्हणून हे लपवायचं कारण नाही. चार्टर शाळांबाबत (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळा) राज्याच्या कायद्यात स्पष्टच लिहिलं आहे की पालकांचा सहभाग ही प्रवेशाची किंवा टिकून राहण्याची अट असू शकत नाही. डिस्ट्रिक्टच्या कार्यक्रमांत करारावर सही घेतात, पण आईवडिलांचे तास भरले नाहीत म्हणून मुलाला बाहेर काढल्याचं मी कधी पाहिलं नाही. होतं ते इतकंच की वर्गात तुमची पाळी रिकामी राहते आणि दुसरी कोणी आई ती भरते. ते सगळ्यांच्या लक्षात राहतं.

गणिताकडे वळते, कारण मनातली खरी धाकधूक तीच आहे.

राज्याचा अभ्यासक्रम दोन्ही शाळांना एकच. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये स्वीकारलेल्या ‘कॉमन कोअर’प्रमाणे (कोणत्या इयत्तेत काय यायला हवं, याची अनेक राज्यांची सामाईक यादी) पहिलीत २० पर्यंतची बेरीज-वजाबाकी, तिसरीच्या शेवटी एकअंकी संख्यांचे सगळे गुणाकार तोंडपाठ, चौथीत हातच्यांची उभी बेरीज-वजाबाकी सफाईने, पाचवीत मोठ्या संख्यांचा उभा गुणाकार. हे टप्पे आपल्या आठवणीतल्या शाळेपेक्षा उशिराचे आहेत, पण ते शेजारच्या शाळेतही तितकेच उशिराचे आहेत. फरक असतो तो वाटेत. मोकळ्या पद्धतीच्या वर्गात मूल आधी ठोकळे मांडतं, आपली रीत चित्राने दाखवतं, दुसऱ्याची रीत ऐकतं. त्यामुळे कागदांची चळत घरी येत नाही आणि पालकांना वाटतं काही झालंच नाही. तुम्ही पाळीवर जात असाल तर हा संशय फिटतो, कारण तो तास तुमच्या डोळ्यांसमोर झालेला असतो.

पण मित्रांचं म्हणणं पूर्ण खोटंही नाही. पाठांतराला या शाळांत कमी वेळ मिळतो. समज चांगली आणि पाढे अडखळणारे, अशी चौथीतली मुलं मी पाहिली आहेत. आपल्या घरांत हा प्रश्न सुटायला सोपा आहे: रात्री जेवताना पाढे म्हणून घ्या. दोन ते दहा झाले तर झाले, आजोबांना तीसपर्यंत आणि पावकी-निमकीपर्यंत जायचं असेल तर त्यांची हौस. फक्त एक करा, शाळेत ज्या रीतीने वजाबाकी चालली आहे तिच्या आधीच घरी हातच्याची रीत शिकवू नका. मूल उत्तर आणतं आणि का ते सांगू शकत नाही, मग वर्गात गप्प बसतं.

रेटिंगबद्दल थोडक्यात. राज्याच्या परीक्षा तिसरीपासून सुरू होतात. वेबसाइटवरचा आकडा बराचसा त्यांवर बेतलेला असतो आणि परीक्षेचे गुण पालकांच्या शिक्षण-उत्पन्नाबरोबर चढतात-उतरतात, हे जुनं निरीक्षण आहे. तुमच्या मुलीच्या किंडरगार्टनच्या वर्गात काय चाललंय हे तो आकडा सांगत नाही. दोन्ही शाळांचे आकडे दहापैकी आठ-नऊच्या घरात असतील तर त्यांची तुलना सोडून द्या.

मग कुठल्या मुलाला ही शाळा मानवते? लोकांना वाटतं चुणचुणीत, बोलक्या मुलाला. माझा अनुभव जरा वेगळा. बुजऱ्या मुलाला छोट्या गटात बोलायला जागा मिळते, ते अनेकदा जास्त खुलतं. ज्याला आवाज, हालचाल, सतत बदलणारी टेबलं यांचा त्रास होतो त्या मुलाला मात्र अशी सकाळ दमवते. काही मुलांना पुढे काय होणार हे पक्कं ठाऊक हवं असतं, त्यांना शिस्तीची शाळा सुखाची. मुलीला काही खास मदत लागत असेल तर ती मिळण्याचा हक्क इथेही तोच आहे, कारण ही सरकारी शाळा आहे. ‘आमच्या पद्धतीत ते बसत नाही’ हे उत्तर कोणाकडूनही मान्य करू नका.

दोन इयत्तांचा वर्ग म्हणजे तीच शिक्षिका दोन वर्षं. जुळलं तर दुसऱ्या वर्षी पहिल्या दिवसापासून काम सुरू होतं, मोठी मुलं लहानांना दप्तर कुठे ठेवायचं ते दाखवतात आणि दाखवता दाखवता स्वतःही ताठ होतात. नाही जुळलं तर दोन वर्षं लांब वाटतात. भांडण झालं की मुलांना ‘थांब, मला हे आवडलं नाही’ असं समोरच्याला सांगायला शिकवतात आणि आठवड्याला वर्गाची सभा घेतात. ही मुलगी घरी तुम्हालाही तेच ऐकवेल, तयारी ठेवा. शिक्षिकेला नावाने हाक मारणं आपल्या घरात खटकतं हे मला माहीत आहे. माझ्या वर्गातली आपली मुलं शाळेत मला नावाने हाक मारत आणि दुकानात आजीसमोर भेटली की काकू म्हणत. त्यांचा गोंधळ होत नाही, आपलाच होतो.

सहावीत मिडल स्कूलला गेल्यावर काय, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. तिथे ग्रेड असतात, वेगवेगळे शिक्षक, रोजचा गृहपाठ. या शाळेतून गेलेली मुलं पहिले काही महिने वही-तारीख-मुदत यांत धडपडतात. शिक्षकाकडे जाऊन ‘मला कळलं नाही’ म्हणायला मात्र ती लाजत नाहीत.

पैशांचं झटपट. फी नाही, आणि सरकारी शाळेला शिक्षणाच्या कामासाठी विद्यार्थ्याकडून पैसे मागता येत नाहीत. २०१२ च्या कायद्याने ते आणखी पक्कं केलं. सहलीचे पैसे दिले नाहीत म्हणून मुलाला मागे ठेवता येत नाही. देणगी मागतील, वरचेवर मागतील. ती ऐच्छिक असते, ‘सुचवलेली रक्कम’ कितीही ठळक छापलेली असली तरी. खरा खर्च वेगळीकडे आहे: या शाळेला बस बहुतेक नसते, म्हणजे रोजचं नेणं-आणणं तुमचं. किंडरगार्टनचा दिवस अनेक ठिकाणी लहान असतो आणि आठवड्यातून एक दिवस सगळीच शाळा लवकर सुटते. शाळेच्या आवारातच दुपारची देखभाल आहे का आणि तिथे जागा आहे का, हे लॉटरीच्या आधी विचारा. नोकरदार घरं वर्गातल्या पाळीपेक्षा या दुपारीच जास्त अडतात.

कागदपत्रांत दोन ठिकाणी आपले लोक अडकतात. पहिलं, वर्गात मदत करायला क्षयरोगाची तपासणी लागते. आधी प्रश्नावली भरतात, त्यात भारतात जन्म झाला एवढ्यावरून पुढची चाचणी सांगतात. हातावर टोचायची चाचणी केली तर लहानपणीच्या बीसीजीमुळे ती उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे, मग धावपळ. डॉक्टरांकडे थेट रक्ताची चाचणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. एकदा झालं की ते प्रमाणपत्र चार वर्षं चालतं. बोटांचे ठसे काही डिस्ट्रिक्टमध्ये लागतात, तेही ऑगस्टच्या आधी उरका.

दुसरं, प्रवेशाच्या वेळी घरी कोणती भाषा बोलता असा फॉर्म येतो. कोणीतरी सांगतं मराठी लिहू नका, मुलीला इंग्रजीच्या वेगळ्या वर्गात टाकतील. खरं लिहा. मराठी लिहिलं तर तीस दिवसांच्या आत तिची इंग्रजीची एक चाचणी होते. इंग्रजी चांगलं असेल तर विषय तिथेच संपतो, नसेल तर तिला मदत मिळते, आणि ती वर्गात राहूनच मिळू शकते.

शाळा बघायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांच्या स्लाइड्स ऐका, पण नजर टेबलांवर ठेवा. पालक मुलांशी बोलतायत की एकमेकांशी? कोपऱ्यातल्या एकट्या मुलाकडे कोणाचं लक्ष आहे? शिक्षिकेचा आवाज सतत वरच्या पट्टीत आहे का? आणि पार्किंगमध्ये तिसरी-चौथीच्या पालकांना गाठून विचारा: अजून पाळीला जाता का, दमलात का, काय सोडावंसं वाटतं? किंडरगार्टनचे पालक नव्या नवरीसारखे असतात, त्यांचं कौतुक निम्मं धरा. मदतीला आलेल्यांनी दुसऱ्यांच्या मुलांबद्दल बाहेर बोलायचं नाही असा नियम असतो, तो पाळला जातो का तेही विचारा. वर्गातली एक गोष्ट संध्याकाळी व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरली की त्या वर्गातला विश्वास कसा उतरतो ते मी पाहिलं आहे.

तर माझं मत: दोघांपैकी निदान एकाची एक सकाळ दर आठवड्याला पक्की मोकळी होत असेल आणि दुपारच्या देखभालीची सोय लागत असेल, तर नाव घाला. यांतलं एकही नसेल तर घालू नका, मुलीचं काही अडणार नाही. अर्ज बहुतेक ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारीत घेतात, काही शाळा आधी माहितीसभेला हजेरी लावायला सांगतात. डिस्ट्रिक्टमध्ये राहणाऱ्यांना आणि आधीच शिकणाऱ्यांच्या भावंडांना साधारणपणे प्राधान्य असतं, त्यामुळे पहिल्या मुलासाठी उरलेल्या जागा दिसतात त्याहून कमी असतात. पत्त्याच्या शाळेतही त्याच वेळी नाव नोंदवून ठेवा. आणि नंतर मधेच परत यायचं झालं तर तिथली जागा राखून ठेवलेली नसते, वर्ग भरला असेल तर डिस्ट्रिक्ट तुम्हाला तिसऱ्याच शाळेत पाठवू शकतं.

पहिल्या फेरीत नाव लागलं नाही तर प्रतीक्षायादीत राहा. ती ऑगस्टपर्यंत हलते, कारण उन्हाळ्यात लोक घरं बदलतात. त्याच उन्हाळ्यात तुम्ही भारतात असाल. शाळेचा फोन किंवा मेल येतो, उत्तराला एक-दोन दिवस देतात आणि पुढच्या कुटुंबाकडे जातात. तिकडे तेव्हा मध्यरात्र असते आणि इथला नंबर बंद असतो. निघण्याआधी शाळेच्या ऑफिसला तुम्ही रोज बघता असा मेल-पत्ता द्या, आणि इथल्या एखाद्या मैत्रिणीचा नंबर लेखी परवानगीसह नोंदवून ठेवा, म्हणजे तुमच्या वतीने होकार ती कळवू शकेल.